चौलहून वॉर्डात: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी दिवस कसा बसवावा

नर्सिंगला नंबर लागला की आपल्याकडे घरात दोन गोष्टींवर खल होतो: फी किती आणि मुलगी राहणार कुठे. दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण पुढची चार वर्षं निभणार की नाही, हे ठरतं रोजच्या तासांवर, आणि प्रवेशाच्या धावपळीत त्याबद्दल कोणी बोलत नाही. बी.एस्सी. नर्सिंगला सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग आणि संध्याकाळी लिहायच्या फायली असतात. आर्ट्स-कॉमर्सला गेलेल्या मैत्रिणी दुपारी घरी येऊन झोपतात तेव्हा तुम्ही ॲनाटॉमीच्या तासाला डोळे उघडे ठेवायची धडपड करत असता. चौल, रेवदंडा, थेरोंडा, आग्राव, नागाव या पट्ट्यातून या वाटेला लागलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: वॉर्ड वेगळा आणि अभ्यास वेगळा धरलात, तर दिवस पुरणार नाही. वॉर्डातल्या तासांतच अर्धा अभ्यास उरकायला शिका, म्हणजे झोप मिळेल.

आधी कागदपत्रांचं, झटपट. राज्यातल्या बहुतेक कॉलेजांच्या जागा सीईटी सेलच्या बी.एस्सी. नर्सिंग सीईटीतून भरतात आणि ती कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली असतात. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं स्वतःचं नर्सिंग कॉलेज आहे, कामोठ्याला एमजीएमचं अभिमत विद्यापीठ आहे. तिथले नियम त्या त्या ठिकाणी विचारून घ्या. कॉलेजला विद्यापीठाची आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे ना, हे पैसे भरण्याआधी पाहा, भरल्यावर नव्हे. केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी घटकांतल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये घेतला. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जातवैधता हे बारावीचा निकाल लागायच्या आधीच अलिबागच्या तहसील कार्यालयातून आणि जातपडताळणी समितीकडून मार्गी लावा. जून-जुलैत तिथली रांग पाहिलेल्यांना याचं कारण सांगायला नको.

आता राहायचं कुठे? अलिबागला शिकायला मिळालं तर प्रश्न सोपा वाटतो. चौल ते अलिबाग अंतर पंधरा-सोळा किलोमीटर, एसटी आहे, विद्यार्थ्यांचा मासिक पास सवलतीत मिळतो. पण रस्ता नागाव-अक्षीतून जातो आणि शनिवार-रविवारी, सुट्ट्यांत, नाताळच्या आठवड्यात तिथे पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. नर्सिंगला शनिवार कामाचा असतो. सकाळी आठच्या वॉर्डसाठी साडेसातला पोचायचं, म्हणजे शनिवारी नेहमीची गाडी न धरता एक गाडी आधीची धरायची. संध्याकाळी परतताना तोच अडथळा उलट्या दिशेने. रोजचा प्रवास पेलतो. त्याबरोबर घरची कामं, वाडीतलं शिंपणं, धाकट्या भावंडांचा अभ्यास हेही तुमच्याच अंगावर राहणार असेल तर पेलत नाही. आईवडिलांना स्पष्ट सांगतो: मुलगी जाऊन-येऊन करणार असेल, तर नर्सिंगची चार वर्षं तिच्या वाट्याची कामं दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. मुलगा असता तर तुम्ही न सांगता दिली असती.

मुंबई-नवी मुंबईला गेलात तर होस्टेलच घ्या. रोज पनवेल गाठण्याचा विचार वेडेपणाचा आहे. वडखळचा रस्ता कोणाला ठाऊक नाही? घरी यायचं ते महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्यात हिशेब वेगळा धरायचा. गेटवे-मांडवा बोटी पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला येणारी रो-रो हवामान बिघडलं की थांबते. रविवारी संध्याकाळी शेवटच्या फेरीवर भिस्त ठेवून निघालात आणि फेरी रद्द झाली, तर सोमवारची हजेरी जाते. रविवारी सकाळीच निघा, किंवा सरळ पेणमार्गे एसटी धरा.

हजेरीचं हे भय उगाच घालत नाही. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाचे तास १०० टक्के भरावे लागतात. म्हणजे बुडवलेला वॉर्डचा दिवस माफ होत नाही, पुढे ढकलला जातो, आणि तुमच्याच सुट्टीत वसूल होतो. गणपतीत, शिमग्यात, चौलच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घरून फोन येणारच. दीड दिवसाच्या गणपतीला एक दिवस या, आरती करा, परत जा. यात्रेचे पाचही दिवस भोवाळ्याच्या डोंगराखाली काढायची वर्षं चार वर्षांनी पुन्हा येतील. एकच सवय लावा: सत्राच्या सुरुवातीला वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावून घरच्या सणांवर खूण करा आणि इनचार्ज मॅडमना ऑफ आधी मागा. आदल्या रात्री मागितलेला ऑफ बहुधा मिळत नाही, आणि मिळाला तरी तुमच्याबद्दलचं मत जातं.

वॉर्डाकडे येऊ. पहिल्या वर्षी बेड मेकिंग, टीपीआर (म्हणजे ताप, नाडी, श्वास), स्पंजिंग, तोंडाची निगा एवढंच असतं आणि मुलं कंटाळतात. याच काळात जो हात बसतो तो पुढे चार वर्षं पुरतो. नाडी मोजायची तर सेकंद काटा असलेलं घड्याळ घ्या आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची घाई सुरुवातीला करू नका, कारण अनियमित ठोका त्यातून निसटतो. नाडी मोजून झाली की मनगटावरचा हात काढू नका, तसाच ठेवून श्वास मोजा. श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. इनटेक-आउटपुट लिहिताना ‘दोन पेले पाणी’ असं लिहू नका. नातेवाइकांना पेला दाखवायला सांगा, एकदा मापून घ्या, मग मिलिलिटरमध्ये लिहा. रुग्ण ‘छातीत भरून आल्यासारखं’ म्हणाला तर ते त्याच्याच शब्दांत लिहा, त्यावर लगेच इंग्रजी रोगाचं नाव चिकटवू नका.

अभ्यास याच ठिकाणी करायचा. युक्ती सोपी आहे: रोज एकच रुग्ण निवडा. हँडओव्हर संपल्यावर त्याचा केसपेपर वाचा, त्याला कोणती औषधं चालू आहेत ती खिशातल्या डायरीत लिहा, आणि ड्यूटी संपेपर्यंत त्यातलं प्रत्येक औषध का दिलं हे सिस्टरना, ट्यूटरना किंवा पुस्तकाला विचारा. डायरीत रुग्णाचं नाव लिहायचं नाही, बेड नंबर पुरे. डायबेटिसचा रुग्ण असेल तर त्याच दिवशी इन्सुलिनचे प्रकार वाचा, पाय तपासा, साखर का खाली जाते ते समजून घ्या. संध्याकाळी केअर प्लॅन लिहायला बसाल तेव्हा निरीक्षण, समस्या, उद्दिष्ट, केलेलं काम आणि परिणाम हे सगळं डोळ्यांसमोर असेल. तासाभराचं काम वीस मिनिटांत होतं. हेच तीन आठवडे साठवलंत तर सत्राच्या शेवटी प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री सीनियरची फाइल उतरवत बसावं लागतं. परीक्षकाला ते पहिल्या पानावर कळतं, कारण उतरवलेल्या केसमधल्या रुग्णाबद्दल त्यांनी दोन प्रश्न विचारले की उत्तर येत नाही.

नुसत्या निरीक्षणाचं मोल किती असतं याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते तेव्हा लाल विंचू चावून कोकणात माणसं, विशेषतः मुलं, दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून घाम, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब, मग फुप्फुसांत भरणारं पाणी हा क्रम टिपून ठेवला, आणि रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून पाहिलं. मृत्यू झपाट्याने घटले. ते निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याजवळ मोठी यंत्रं नव्हती. नाडी, रक्तदाब, हातपायांचा स्पर्श यांच्या तासातासाच्या नोंदी होत्या. तुमच्या टीपीआर चार्टमध्ये हेच असतं.

इंग्रजीची भीती मराठी माध्यमातल्यांना पहिले सहा महिने छळते. उपाय असा की आधी मराठीत समजून घ्या, मग इंग्रजीत लिहा. उलट क्रमाने पाठ केलेलं पेपरात टिकत नाही. रोज दहा शब्द, तेही त्या दिवशी वॉर्डात ऐकलेले. रुग्णांशी बोलताना मात्र तुम्हीच पुढे असता. आगरी-कोळी बोलीतली म्हातारी शहरातल्या मुलीशी जेवढं बोलत नाही तेवढं तुमच्याशी बोलेल, आणि तिने दोन दिवस औषध का घेतलं नाही हे डॉक्टरांच्या आधी तुम्हाला कळेल.

आता जे कोणी नीट समजावून सांगत नाही ते. हेपेटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात. दुसरा पहिल्यानंतर महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. प्रवेश पक्का झाल्याबरोबर पहिला घ्या, पोस्टिंग सुरू व्हायची वाट पाहू नका. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जाते. पिवळी पिशवी रक्त-पू लागलेल्या ड्रेसिंगसाठी, लाल पिशवी नळ्या, कॅथेटर, सलाइनच्या प्लास्टिकसाठी, निळा डबा काचेसाठी. तरीही सुई टोचलीच तर घाबरून बोट पिळू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच क्षणी इनचार्ज सिस्टरना सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू करायचं असतं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. ओरडा बसेल या भीतीने रात्रभर गप्प राहिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. ओरडा पाच मिनिटांचा असतो.

हात धुणं तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतील: साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हँडरबने २० ते ३०. दोन रुग्णांच्या मध्ये ते खरंच करता का, हे मात्र तुमचं तुम्हीच पाहायचं.

शरीराकडे वळू. बूट स्वस्तातले घेऊ नका. सहा-सात तास उभं राहायचं असतं, आणि सगळ्या गणवेशात पैसे खर्च करावेत असं काही असेल तर ते बूट. सकाळी चहा-बिस्किटावर निघून साडेदहाला वॉर्डात चक्कर येऊन पडणाऱ्या मुली दर बॅचला असतात. तांदळाची भाकरी आणि काहीतरी तोंडीलावणं पोटात टाकूनच निघा, घरून होस्टेलला नेलेलं सुकं आणि लोणचं याच कामाचं. नाइट ड्यूटीच्या आधी दुपारी दोन तास झोप काढा आणि सकाळी सुटल्यावर बसमध्ये न झोपता, खोलीवर जाऊन पडदे लावून झोपा. त्या दिवशी घरी जायचं नाही. नाइट करून चौलला आलेली मुलगी दिवसभर पाहुण्यांत बसते आणि रात्री पुन्हा जागीच राहते.

पहिला मृत्यू कधी ना कधी समोर होतो. बऱ्याचदा तो अशा रुग्णाचा असतो, ज्याला तुम्ही दोन दिवस भरवलेलं असतं. तेव्हा काम थांबवून कोपऱ्यात रडलात तरी चालेल. पण नंतर कोणाशी तरी बोला, ट्यूटरशी, रूममेटशी. झोप उडाली, जेवण तुटलं आणि ते आठवडाभर चाललं तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं. घरी सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. काही घरांत पहिली प्रतिक्रिया ‘सोडून दे ते’ अशी येते. रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून मराठी घरांतल्या बायकांना, त्यांत विधवाही होत्या, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं तेव्हाही समाजाने नाकं मुरडलीच होती. शंभर वर्षं उलटून गेली, तरी लग्न ठरवताना ‘नाइट करावी लागते का’ हा प्रश्न येतोच. मुलांना, म्हणजे ब्रदर लोकांना, हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यांना विचारतात, ‘डॉक्टर नाही का होता आलं?’ दोघांनीही उत्तर देत बसू नये.

सहाव्या-सातव्या सत्रापर्यंत बरीच मुलं स्थिरावतात. आठवं सत्र इंटर्नशिपचं: २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. त्यात समाज आरोग्याचं पोस्टिंग असतं आणि तिथे आपल्याकडच्या मुलांना एक उजवी बाजू मिळते. पोफळीवरून, माडावरून पडलेला माणूस कसा उचलायचा हे तुम्ही पुस्तकात वाचाल. चौलच्या वाड्यांत ते तुम्हाला करून दाखवावं लागेल. मान आणि पाठ हलू न देता, तिघाचौघांनी एका वेळी, फळीवर. हाताला धरून ओढत रिक्षात कोंबायचं नाही. शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर हात बुडवून ठेवल्याने कळ उतरते. काटा आत तुटला असेल तर दवाखाना गाठायचाच. साप चावला तर ब्लेड मारायचं नाही, रक्त चोखायचं नाही, दोरी करकचून बांधायची नाही. पाय किंवा हात न हलवता, १०८ बोलवून किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय. तिथे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि गोठलं की नाही पाहतात. ही चाचणी स्वतः एकदा तरी बघा, कारण घोणस किंवा फुरसं चावल्याचा अंदाज त्यावरून येतो आणि गावात तुम्हाला त्याबद्दल विचारणारच आहेत.

गावातल्या विचारपुशीबद्दलही सांगायलाच हवं. ॲडमिशन होऊन महिना झाला नाही तोवर शेजारच्या काकू पदराखाली रिपोर्टची पिशवी घेऊन येतील. ‘अगं, सिस्टर झालीस ना, जरा बघ.’ नाही म्हणता येत नाही, आणि सगळ्याला हो म्हणणं धोक्याचं असतं. मी ठरवलेली सीमा अशी: बीपी मोजून द्यायला हरकत नाही. पण आधी पाच मिनिटं शांत बसवा, अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मशेरी झालेली नसावी, लघवी तुंबलेली नसावी, हात छातीच्या पातळीवर टेकलेला असावा. आकडा तारखेसह चिठ्ठीवर लिहून द्या आणि चिठ्ठी घेऊन आरोग्य केंद्रात पाठवा. ‘गोळी वाढवा’, ‘गोळी बंद करा’ हे तोंडातून काढायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. इंजेक्शन आणि सलाइन घरी अजिबात नाही, आजीसाठीही नाही, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नाही. तुमची नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी व्हायची आहे, आणि ॲलर्जीने कोणाचा श्वास अडकला तर अंगणात तुमच्याजवळ काहीच नसेल. काकू रागावतील. त्यांना म्हणा, ‘काकू, माझं सर्टिफिकेट येऊ दे, मग टोचते,’ आणि त्यांच्याबरोबर आरोग्य केंद्रापर्यंत चालत जा. पुढच्या वेळी त्या आधी तिथेच जातील, आणि रविवारची दुपार तुम्हाला झोपायला मोकळी राहील.